वाचवलेला चहा

बाळांनो, राजेंद्र नगरच्या घराचं कर्ज लवकर फिटावं म्हणून मी दरमहा हप्त्यापेक्षा थोडे जास्त पैसे भरत असे. ते मी दुधातून वाचवायची. पाहुणा आला की दारातच विचारायची, "चहा घेऊनच निघाला असाल ना?"

कर्ज मुदतीआधी फिटलं, तेव्हा शेजारचे भाऊजी पेढे घेऊन आले. त्यांची मिल नुकतीच बंद पडली होती. सवयीने माझ्या तोंडून तोच प्रश्न निघाला.

"घेतलाय, वहिनी," ते हसून म्हणाले. "पण बँकेचं फिटलं ना? अब तो हमारा भी एक कप बनता है."

म्हणजे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. तुमच्या आजोबांनी मान खाली घातली. मी स्वयंपाकघरात गेले, तर दूध नव्हतं. मागच्या दाराने जाऊन भाऊजींच्याच बायकोकडून मागून आणलं.