उजव्या हाताला कणीक

दुष्काळातल्या त्या वर्षी महादेवावरचा माझा विश्वास उडाला होता असं मी म्हणणार नाही, पण आमचं बोलणं बंद होतं. शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावात शेतं कोरडी पडली, म्हणून मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होतो. एका दुपारी दगड निसटला आणि उजव्या हाताची दोन बोटं चेंगरली. जखम भरली, बोटं मात्र वाकडी ती वाकडीच राहिली. डाव्या हातानं पाट्या उचलून पोटापाण्याचं कसंबसं निभत होतं. पण मी लहानपणापासून देवळात मृदंग वाजवणारा माणूस. दुसरं मला धड काही येत नव्हतं. बोटं सरळ कर, म्हणून देवाला पुष्कळ विनवलं. शेवटी कंटाळून मृदंग खुंटीला टांगला आणि सोमवारी देवळाकडे फिरकणं सोडलं.

मृदंगाची लहान बाजू शाईची, म्हणजे मध्ये काळा लेप दिलेली, तिच्यावर उजव्या हाताची बोटं खेळतात. रुंद बाजू डाव्या हाताकडे असते. वाजवण्याआधी तिला गव्हाची ओली कणीक थापतात, म्हणजे आवाज घुमतो.

शिवनाम सप्ताह आला तेव्हा गावकरी म्हणाले, यंदा टाळावर भागवू. तरी कुणी ना कुणी मला विचारायला येई, आणि माझी बायको माझी बाजू सावरून घेई. ती सांगायची, वाजवतील हो, पण कणकेला गहू कुठंय? रेशनवर तेव्हा मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी मिळायची आणि तिचं पीठ मृदंगाला काही चिकटत नाही. सबब पक्की होती, कुणाला खोडता येईना. मलाही ती सोयीची वाटायची.

कामावर देगलूरकडून आलेली एक म्हातारी बाई होती, रस्त्याच्या कडेला पालात राहायची. तिच्याशी माझा एक शब्दही झालेला नव्हता. बायकोचं हे बोलणं तिनं पाण्याच्या रांगेत ऐकलं. सप्ताहाच्या शेवटच्या संध्याकाळी ती आमच्या दारात उभी राहिली. पदराखाली वाटी आणि वाटीत मळलेली कणीक. नैवेद्यासाठी मूठभर गहू राखून ठेवले होते, ते दळून आणले म्हणाली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. ती घाबरली होती की हसत होती, हे तिनं मला अजून सांगितलेलं नाही.

मी उजवा हात पुढं करून दाखवला. बाईनं तो नीट पाहिला.

"कणीक वाळायलीय, तम्मा. चल," ती म्हणाली.

तिच्या भागात धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. इतक्या सरळ हाकेला नाही कसं म्हणायचं? मी मृदंग खुंटीवरून काढला आणि तिच्या मागं देवळात गेलो. ती माझ्या समोर बसली, सवयीच्या हातानं रुंद बाजूला कणीक थापली आणि मृदंग उचलून माझ्या मांडीवर ठेवला. पण ठेवला उलटा. कणकेची बाजू माझ्या उजवीकडे आली. अक्का, हे उलटं झालं, असं म्हणून मी तो फिरवायला गेलो, तर तिनं हातानं थोपवलं.

"उलटं कसं? माझ्या मालकाच्या मांडीवर असंच ऱ्हायचं की."

तिचा नवरा डावखुरा होता, हे मला मागून कळलं. तिनं जन्मभर एकच मृदंग वाजवणारा जवळून पाहिला, त्यामुळे सगळे तसाच धरतात अशी तिची समजूत. मी मात्र फिरवायचा थांबलो, कारण तोवर माझा उजवा पंजा कणकेवर पडला होता आणि मृदंग घुमला होता. तिथं बोटांचं काम नव्हतंच, उघडा पंजा पुरत होता. इतके महिने मी बोटं मागत बसलो, पण मृदंग फिरवून घ्यावा हे एकदाही सुचलं नव्हतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

डाव्या बोटांना शाईची सवय नव्हती. ठेका अडखळला तसे भजनकरी माझ्यासाठी थांबले, पुन्हा संथ लयीत म्हणू लागले. साध्या ठेक्याच्या पुढं मी काही गेलो नाही, पण हळूहळू सगळे टाळ माझ्याबरोबर पडू लागले. भजन संपल्यावर कणीक खरवडून गायीला घालायची पद्धत आहे. ती मी अक्काच्याच हातात दिली आणि तिनं ती देवळामागच्या हाडकुळ्या गायीला चारली. पुढं पाऊस झाला आणि ती आपल्या माणसांबरोबर परत गेली. तिचं नाव मी विचारलंच नाही, अक्का म्हणण्यावर भागलं.

नंतर लातूर जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या आल्या, मुलाला तिथं काम लागलं आणि आम्ही लातूरला आलो. वस्तीतल्या महादेवासमोर मी दर सोमवारी वाजवतो. कुणी नवखा हमखास सांगतो, काका, मृदंग उलटा धरलाय. मी हो म्हणतो. बोटं अजून वाकडीच आहेत आणि ती सरळ कर असं मी आता म्हणत नाही. देवानं काय द्यावं हे ठरवायचं मी सोडलं, तेव्हापासून आमचं बोलणं नीट चालू आहे. मी फार सुखात आहे.

सोमवारी दिवेलागणीला बायको कणकेची वाटी माझ्यापुढं ठेवते आणि न चुकता सांगते, "गहू हाय बरं घरात. आज सबब न्हाई."