अर्धं बोट जास्त

शिंपीणमावशींनी झबल्यांपासून तंबूंपर्यंत सगळं शिवलं होतं. पण दोन देशांची अब्रू आपल्या सुईला लटकेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

शेजारच्या देशाशी दोन वर्षं चाललेलं युद्ध थांबवायला त्यांच्याच शहरात बैठक ठरली. दोन्ही निशाणं मावशींनी शिवायची, अगदी सारख्या मापाची. त्यांचा मुलगा आघाडीवर होता. बुधवारी सह्या झाल्या नाहीत, तर गुरुवारी त्याची तुकडी पुढे सरकणार होती.

कापड भिजवून, वाळवूनच कात्री लावायची, हा मावशींचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. आपल्या देशाचं त्यांनी भिजवलं. शेजाऱ्यांचं घाईत तसंच कापलं.

"अहो आई, ते राहिलं ना?" सून म्हणाली.

"अगं, शांतता खोळंबलीय. वाळेपर्यंत थांबेल का ती?"

बुधवारी सभागृहातल्या एका उत्साही शिपायाने दोन्ही निशाणांवर पाणी शिंपडून कडक इस्त्री फिरवली. शेजाऱ्यांचं अर्ध्या बोटाने आखडलं. दोन वर्षांत जळालेली गावं ज्या सेनापतींच्या नजरेतून निसटली, त्यांना ते अर्धं बोट लगेच दिसलं.

"तुमचं कापा," शेजारी म्हणाले.

"एक धागाही नाही! वीस हजार पोरं दिलीत त्यासाठी."

"आम्ही बावीस दिलीत!"

जगभरच्या देशांच्या सहकार्याचा मसुदा घेऊन आलेले मध्यस्थ साहेब कपाळाला हात लावून बसले. शेवटी मावशींना बोलावणं गेलं.

आपल्या घाईने काय केलं, ते त्यांना दारातूनच कळलं.

"कापत नाही, साहेब," त्या आपल्या सेनापतींना म्हणाल्या. "आत दुमडते. धागान्‌धागा तुमचाच राहील, फक्त दिसणार नाही."

दोन्ही बाजूंनी विचारविनिमय केला. तज्ज्ञांची मतं घेतली. मावशींनी दहा मिनिटांत टीप मारली. चार वाजता सह्या झाल्या.

"किती दिवसांचा तह?" त्यांनी मध्यस्थांना विचारलं.

"दहा."

"दहाच?"

"मावशी, अकराला दोघंही तयार नव्हते."

"मग माझा मुलगा घरी येईल?"

"येणार नाही. पण दहा दिवस तरी असेल."

मावशींनी सुईदोऱ्याचा डबा आवरला आणि सुनेला तेवढंच सांगायला त्या घराकडे निघाल्या.