सुनंदाचा अकीक

२००२ साली मी हिंगोलीजवळच्या नरसीला भाड्याच्या खोलीत एकटाच राहत होतो. मी इथल्या शाळेत शिक्षक, बायको सुनंदा तिकडे रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षिका... लग्न झालं तेव्हापासून हेच. बदलीचा अर्ज कुठे अडकलाय ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

रविवारी एसटीडी बूथवरून बोलायचो. बाकीच्या संध्याकाळी खायला उठायच्या.

दिवाळीच्या सुट्टीत ती आली. कयाधू नदीच्या पात्रात फिरताना तिला एक अकीकाचा दगड सापडला... राखाडी, आत पांढऱ्या रेघा. पाण्यात सुंदर दिसायचा, वाळला की फिका पडायचा.

"हा कोरडाही असाच दिसला पाहिजे," ती म्हणाली. "चमकला की माझ्याकडे घेऊन या."

ती गेली आणि मी कामाला लागलो. चमक आणायला दगड इतर दगडांबरोबर पिंपात, पाणी अन् घासायची पावडर घालून फिरवतात, एवढंच वाचलं होतं. पहिलं पिंप डालड्याच्या डब्याचं केलं. त्याचा खडखडाट ऐकून घरमालकीण गयाबाई आल्या.

"सर, काहून दगडं दळून राहिले तुमी?"

मी खरं कारण सांगितलं. सकाळी त्यांनी गोठ्यामागची पडवी झाडून दिली, म्हणाल्या, इथं चालवा.

मग जाड पीव्हीसी पाइपाचा तुकडा घेतला. आतून सायकलची ट्यूब चिकटवली, दोन्ही तोंडांना झाकणं बसवली. जुन्या कूलरची मोटर जोडली तर पिंप असं गरगरलं की दगड भिंतीलाच चिकटून फिरले, घासलेच गेले नाहीत. मध्ये सायकलचं चाक टाकून वेग उतरवला, तर नुसते तळाशी घसरत राहिले.

पुल्या बदलत बदलत एकदाचा तो वेग सापडला... दगड थोडे वर चढायचे आणि एकमेकांवरून घरंगळत खाली यायचे. खोलीपर्यंत फक्त सळसळ ऐकू यायची. तेवढ्यानेही खोलीत कोणीतरी असल्यासारखं वाटायचं.

आधी जाड पावडर, मग बारीक, मग त्याहून बारीक. लोडशेडिंगमुळे काम लांबतच गेलं. झाकण उघडलं की आधी तिचाच दगड धुऊन, पुसून, उन्हात धरून बघायचो... अजून नाही. चमकला की त्याच दिवशी रत्नागिरीची गाडी, असं ठरवून टाकलं होतं.

शेवटची, पॉलिशची पावडर तेवढी घालायची राहिली होती. शाळेत निरोप आला, किराणा दुकानात तुमचा फोन आहे. सुनंदा होती.

"बदली झाली... हिंगोलीतच. न्यायला या मला."

मी मोटर बंद केली आणि निघालो. दगडाची आठवणसुद्धा झाली नाही. नंतर सामान, हजर होणं, नवी खोली... पिंप तसंच पडून राहिलं.

खूप दिवसांनी उघडलं तर आतला चिखल सिमेंटसारखा घट्ट. सुनंदा उलथनं घेऊन एकेक दगड खरवडून काढत बसली. तिचा अकीक निघाला... हाताला गुळगुळीत, पण चमक नाहीच. मी म्हणालो, पुन्हा लावतो.

"राहू द्या," ती म्हणाली. "आता कुठे घेऊन यायचाय?"

त्या वर्षाइतकी कुणाची वाट पुन्हा कधी पाहावी लागली नाही... त्या वाट पाहण्याला पडवी देणाऱ्या गयाबाईंचे आणि त्या बदलीच्या कागदावर ज्या कुणी सही केली, त्या अनोळखी माणसाचे मनापासून आभार.