तपासणीच्या दिवशी प्रतीक्षा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, रोज माझ्या डब्यात हात घालणाऱ्या शाळेतल्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय – का, ते मलाही धड ठाऊक नाही.

मी मोताळा तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. मुलांना मनातलं बोलता यावं म्हणून आमच्याकडे एक खोली आहे. पूर्वी तिथे खेळाचं सामान असायचं. भिंती रंगवल्या, सतरंजी टाकली, आणि थोडंफार प्रशिक्षण घेतलेली म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. सहसा कोणी फिरकायचं नाही. तिथे येडे जातात, असं पोरं म्हणायची.

प्रतीक्षा मात्र यायची. नववीतली, धामणगाव बढ्याहून एसटीनं येणारी, भाजीवाल्याची लेक. मोठ्या सुट्टीत येऊन नुसती बसायची. मग एकदा हळूच म्हणाली, "मॅडम, वर्गात मले लय भेव लागते. श्वासच पुरत नाही. कोणाले सांगू नका." मी तिचा हात हातात घेतला. नाही सांगणार, म्हटलं. किती जीव लागला होता मला त्या पोरीचा!

मग तपासणी आली. पाहुणे येणार म्हटलं की शाळा कशी होते, माहीत आहे ना? झाडांना गेरू लागतो, हुशार पोरं पहिल्या बाकावर येतात. आमची खोलीही भरलेली दिसायला हवी होती. आधी मी दोन धीट पोरींना दुःखी व्हायला शिकवलं, पण त्यांना हसू आवरेना. खरी पोर असताना खोट्या कशाला – हे कोणाच्या डोक्यात आलं? माझ्याच.

तपासणीला आलेल्या साहेबांनी खोलीत बसवलेल्या प्रतीक्षाला प्रेमानं विचारलं, काय त्रास होतो बाळा? ती माझ्याकडे बघत राहिली. आणि तिच्या वतीनं मीच सांगून टाकलं. भीती, श्वास, सगळं. टाळ्या वाजल्या. फोटो निघाला. तो पालकांच्या ग्रुपवर मीच टाकला, वर चार कौतुकाच्या ओळीही लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिला घेऊन आले. ओरडले नाहीत. मुख्याध्यापकांसमोर उभं राहून एवढंच म्हणाले, गावात लोक इचारून राह्यले, पोरीले काय झालं म्हणून. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी – किती सहज – म्हणाले, तिला विचारूनच केलं.

वडील तिच्याकडे वळले.

"हाव, बाबा. मॅडमनं इचारलं होतं. मीच हो म्हटलं."

ती माझ्यासाठी खोटं बोलली. मी तिला उघडं पाडलं होतं, आणि तिनं मला झाकलं. वडिलांनी हात जोडून माझी माफी मागितली. मी असू द्या म्हटलं. असू द्या! कोणत्या तोंडानं?

त्यानंतर ती खोलीत आली नाही. मोठ्या सुट्टीत नळापाशी एकटीच बसायची, थेट दहावी होईपर्यंत. मला खिडकीतून दिसायची. तिथवर जायला मला कोणी अडवलं नव्हतं. मी गेले नाही.