हातात डबा असू दे

कुवेतमधल्या आमच्या महबूल्याच्या फ्लॅटवर भुवया करून घ्यायला येणारी प्रत्येक बाई हातात डबा घेऊन यायची. हा नियम माझा होता. खाली लिफ्टपाशी हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसलेला असे, आणि येणारी बाई शेजारणीला भाजी द्यायला आली आहे असं त्याला वाटायला हवं होतं. माझ्या डोक्यात नुसता रिकामा डबा होता. पण आपल्या बायका रिकामा डबा घेऊन कुणाच्या दारात जातील तर शपथ! कुणी चटणी घालायची, कुणी वड्या, कुणी कालचंच पण चांगलं झालेलं वालाचं बिरडं. मग तो डबा मी तरी रिकामा कसा परत करणार? भुवयांच्या जोडीमागे मी निम्मा वेळ चिवडा आणि लाडू करण्यात घालवत होते.

एकदा हारिस मला म्हणाला, "भाभी, आपके घर में रोज शादी है क्या?" तो बिचारा बांगलादेशी, गमतीनेच म्हणाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. त्या आठवड्यात मी कुणालाच येऊ दिलं नाही, आणि मग हारिसला संशय नको म्हणून त्यालाच एक डबाभर लाडू नेऊन दिले.

भीती उगीच नव्हती. मी इथे नवऱ्याच्या पाठोपाठ, कुटुंबाच्या व्हिसावर आलेली. या व्हिसावर कमाई करायची नाही. त्यातून पैसे घेऊन दुसऱ्याच्या चेहऱ्याला हात लावायचा तर कामाचा व्हिसा हवा, परवाना असलेलं सलून हवं, आणि बलदियाचं, म्हणजे नगरपालिकेचं, आरोग्य कार्ड हवं. माझ्याकडे नाशिकच्या पार्लर क्लासचं सर्टिफिकेट होतं आणि जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची. पकडले गेले तर नुसता दंड होऊन सुटका नव्हती. मला विमानात बसवतील, ह्यांच्या इकाम्याला, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याला, हात लागेल, आणि लेकीची बारावी अर्ध्यात राहील. लेक इथेच जन्मलेली. नाशिकला तिला दोन आठवड्यांच्या वर करमत नाही. माझ्या दोऱ्यापायी तिची शाळा तुटली असती, हे मला रोज कळत होतं आणि तरी मी रोज दोरा हातात घेत होते.

का घेत होते? पैसे मिळायचे, ते कशाला नाकारू. पण खरं सांगायचं तर माझ्या हातांना काम नव्हतं. हे पहाटे कंपनीच्या बसने मीना अब्दुल्ला भागातल्या रिफायनरीत जायचे, लेक शाळेत, आणि मी त्या तीन खोल्यांमध्ये एसीचा आवाज ऐकत बसायची. नाशिकला माझ्या खुर्चीसाठी बायका ताटकळायच्या. इथे आल्यावर मी कुणाची तरी मिसेस झाले. आमच्याच मजल्यावर चिपळूणच्या एक काकू राहतात. एका लग्नाच्या आधी त्या म्हणाल्या, "अगो, तुला येतं ना, मग जरा माझ्या कपाळावरचं जंगल काढ की." तिथून सुरुवात झाली. काकूंनी मैत्रिणींना सांगितलं, मैत्रिणींनी नणंदांना. मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही.

वॅक्स गरम करायची वेळ आली की मी शेजारच्या शेगडीवर लसणाची फोडणी करायची, म्हणजे साखर-लिंबाचा वास जिन्यात जाऊ नये. लेक नाक दाबून म्हणायची, "आई, इट स्मेल्स लाइक अ क्राइम." तिला गंमत वाटायची. मला नाही वाटायची.

एका दुपारी काकू खुर्चीत होत्या. डावी भुवई झाली होती, उजवी सुरू करायची होती, आणि बेल वाजली. जास्त वेळ वाजली, कुणी अंगठा दाबून धरल्यासारखी. माझ्या हातातला दोरा सुटला. मी पावडर पलंगाखाली सारली, आरसा भिंतीकडे फिरवला आणि काकूंना म्हटलं, "डबा घ्या हातात, डबा!" काकूंनी डबा घेतला, छातीशी धरला आणि देव्हाऱ्यासमोर उभं राहावं तशा दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बाहेर प्लंबर होता. खालच्या मजल्यावर आमच्या बाथरूमचं पाणी गळत होतं. तो आत येऊन तासभर ठाकठोक करत बसला आणि काकू एका भुवईनिशी घरी गेल्या. दुसरी करायला त्या पुन्हा आल्या त्या दोन दिवसांनी, कारण तोवर मी दोऱ्याला हातच लावला नाही. काकांच्या ते लक्षातही आलं नाही म्हणे. त्यावर आम्ही खूप हसलो, पण हसताना माझे कान दाराकडेच होते.

मग अब्बासिया भागातली बातमी आली. तिकडे एका बाईच्या घरी माणसं आली, खुर्ची, मशीन सगळं उचललं आणि तिलाही नेलं. कुणी म्हणे ती आता गावी आहे, कुणी म्हणे अजून आतच आहे. बायकांच्या ग्रुपवर मेसेजवर मेसेज येत होते. खरं किती आणि तिखटमीठ किती, कुणास ठाऊक. मी फोन उलटा करून ठेवला, पण तो थरथरला की पुन्हा उचलून पाहत होते.

हे कामावरून आले आणि बूटही न काढता म्हणाले, "ऐकलंस?"

"ऐकलं."

"आता बास. मी तुला कधी काही बोललो नाही. पण लेकीचं वर्ष आहे हे."

"मग मी काय करू? भिंती रंगवू?"

"रीतसर कर ना. रीतसर करणाऱ्या बायका आहेतच की इथे."

मला राग आला. रीतसर म्हणायला काय जातं! पण रात्रभर तोच शब्द डोक्यात होता, आणि सकाळी मी फहाहीलच्या एका सलूनमध्ये फोन केला.

तिथली मॅनेजर फिलिपिनो होती, बारीक चणीची, बोलायला गोड आणि नजरेला कडक. तिने सर्टिफिकेट पाहिलं, माझे हात पाहिले, मग एका मुलीला खुर्चीत बसवून म्हणाली, दाखव. मी दोरा तोडला, त्याचं एक टोक नेहमीसारखं दातात धरलं आणि खाली वाकले.

"नो माउथ, सिस्टर!" ती जवळजवळ ओरडलीच.

नाशिकच्या क्लासच्या बाईंनी आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, दोन हात देवाने दिलेत, तिसरा हात म्हणजे दात. दातात दोरा ताणून धरला की दोन्ही हात मोकळे आणि केस मुळापासून येतो. मी आयुष्यभर तसंच केलं. इथे ते चालणार नव्हतं. तोंडातला दोरा गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याला लागतो, म्हणजे थुंकी लागते. तपासणीला येणारी बाई कुठल्याही दिवशी येते, आधी कळवत नाही, आणि तिने दातात दोरा पाहिला तर सलूनला दंड आणि काम करणारी बाहेर. मॅनेजरने मला दोऱ्याचं वेटोळं गळ्यात अडकवायला शिकवलं. दोरा मानेने ताणायचा, तोंडाने नाही. मालकीण स्वतः ट्रायल घेईल, मग तू पसंत पडलीस तरच व्हिसा बदलायचा अर्ज करू, असं तिने सांगितलं.

घरी येऊन मी दाताच्या सवयीशी भांडायला बसले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि मला तर ती ट्रायलच्या आत घालवायची होती. पोटरीवर काजळाने भुवई काढून सराव केला. पोटरीवर जमायचं. समोर चेहरा आला की जमायचं नाही, हात आपोआप तोंडाकडे जायचा. मग ह्यांना धरलं. ह्यांच्या भुवया म्हणजे दोन मिशा आहेत. ते डोळे मिटून बसले आणि माझ्या गळ्यातल्या दोऱ्याकडे एक डोळा उघडून म्हणाले, "गळ्यात फास घेऊन पोट भरणार का आता?"

"बोलू नका, हलतंय."

हललंच. डाव्या भुवईचं शेपूट गेलं. दुसऱ्या दिवशी रिफायनरीत सगळ्यांनी विचारलं, आणि ह्यांनी सेफ्टी गॉगल घासला असं सांगितलं. पण संध्याकाळी पुन्हा येऊन खुर्चीत बसले. ह्या माणसाचा मला कितीही राग येवो, ही एक गोष्ट मी विसरणार नाही.

तरीही दातांची खात्री नव्हती. मास्क लावू का विचारलं, तर मॅनेजर म्हणाली, मास्कने गिऱ्हाइकाला वाटतं तुला सर्दी झाली आहे. ट्रायलच्या सकाळी मी स्वयंपाकघरात उभी होते, आणि मसाल्याच्या डब्यात लवंग दिसली. दातांना काही काम दिलं तर ते गप्प बसतील, असं वाटलं. एक लवंग मी पुढच्या दातांमध्ये धरली आणि तशीच गेले.

मालकीण कुवेती, वयाने माझ्याहून थोडी मोठी. खुर्चीत मागे रेलली आणि डोळे मिटले. मॅनेजर हाताची घडी घालून बाजूला उभी. मी दोरा गळ्यात अडकवला. पहिल्या ओढीलाच हात तोंडाकडे निघाला, दातांना लवंग लागली आणि तो मागे आला. जीभ जळत होती, डोळ्यांत पाणी येत होतं, आणि मी मनात एकच घोकत होते, दात नाही, दात नाही. संपलं तेव्हा मालकिणीने आरसा घेतला, भुवईवरून बोट फिरवलं, आणि "जैन" म्हणाली. जैन म्हणजे छान. मॅनेजरने विचारलं, रडतेस का? मी म्हटलं, लवंग आहे. तिला काही कळलं नाही.

त्यानंतरचे दिवस ट्रायलपेक्षा वाईट गेले. सलूनचा मंदूब, म्हणजे सरकारी कामं करून आणणारा माणूस, माझे कागद घेऊन गेला. रक्त दिलं, छातीचा फोटो काढला, बोटांचे ठसे दिले. फोन केला की मंदूब म्हणे, "बुक्रा, इन्शाल्ला." त्याचं बुक्रा, म्हणजे उद्या, काही उजाडत नव्हतं. कागद मधेच अडकले तर? नाशिकच्या सर्टिफिकेटवरचा शिक्का चालला नाही तर? जुना व्हिसा गेला आणि नवा आलाच नाही तर मी कुणाची, कुठली? त्या काळात घरी कुणाच्या भुवयांना हात लावला नाही. बायका डबे घेऊन यायच्या, मी दारातच डबा बदलून द्यायची. चिपळूणच्या काकू एकदा रागावून म्हणाल्या, "सरकारी झालीस गो तू." मी त्यांना आत बोलावलं नाही. वाईट वाटलं, पण बोलावलं नाही.

शेवटी कार्ड आलं. व्हिसाही आला. कार्डावर माझा फोटो होता, घाबरलेला, आणि खाली माझं काम लिहिलेलं. ह्यांनी ते पुन्हा पुन्हा उलटंसुलटं करून पाहिलं. मी देवापुढे ठेवलं, साखर ठेवली. आता मी सकाळी पर्स घेऊन, हारिससमोरून, रिकाम्या हातांनी कामाला जाते. तपासणीची बाई एकदा येऊनही गेली. माझं कार्ड पाहून तिने परत दिलं आणि पुढच्या मुलीकडे वळली. एवढंच. एवढ्यासाठी मी इतकी वर्षं झोप घालवली होती.

मला वाटलं, आता भीती गेली.

गेल्या महिन्यात लेकीचा शाळेत निरोप समारंभ होता. आयुष्यभर "ईऽऽ, आई, दातातला दोरा नको" म्हणणारी पोर आपणहून म्हणाली, माझ्या भुवया कर. मी हरखलेच. शुक्रवार होता, कामाला सुट्टी. तीच जुनी खुर्ची खिडकीशी ओढली, दोरा गळ्यात अडकवला. तिचा चेहरा इतक्या जवळून मी बऱ्याच वर्षांनी पाहत होते. डावी भुवई झाली.

बेल वाजली.

दोरा माझ्या हातातून कधी सुटला ते मला कळलं नाही. पावडर पलंगाखाली गेली, आरसा भिंतीकडे फिरला. ओट्यावरचा डबा उचलून मी लेकीच्या हातात कोंबला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "ऊठ, दाराशी उभी राहा. कुणी विचारलं तर डबा द्यायला आलेय म्हण."

बाहेरून ह्यांचा आवाज आला, "अगं उघड, किल्ली विसरलो."

लेक डबा छातीशी धरून उभी होती, एक भुवई झालेली, एक व्हायची. मला वाटलं आता ती हसेल. ती हसली नाही. माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "आई, आय लिव्ह हिअर."