विजेच्या गाडीबद्दल माझं मत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर चहा तोंडात असताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही. माझी अक्कल पंचगंगेच्या काठावर, भर सकाळी, म्हशींच्या साक्षीनं कशी निघाली, ते आज सांगूनच टाकतो.

त्याचं असं आहे, आमच्या पेठेत गाडीतलं कळणारा माणूस म्हणजे मी. कुणी जुनी जीप घेऊ दे, नाहीतर नवी मोटरसायकल, आधी मला बोलावणं यायचं. मी बॉनेटवर कान टेकायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "हं... टॅपेट वाजतंया." टॅपेट म्हणजे नक्की काय, हे तुम्ही विचारू नका. मलाही कुणी कधी विचारलं नाही. पण एवढं म्हटलं की विकणाऱ्याचं तोंड उतरायचं आणि घेणारा माझ्यासाठी चहा सांगायचा.

तर ही कीर्ती कुरुंदवाडपर्यंत गेलेली. तिथं माझी थोरली बहीण दिलेली आहे. आमचे दाजी भुसार मालाचे व्यापारी. माणूस मोजून बोलणारा. अक्काला गाडी शिकायची भारी हौस, पण डावा गुडघा धरलेला, क्लच दाबला की डोळ्यांत पाणी. बिचारी कितीतरी वर्षं म्हणत होती, क्लच नसलेली गाडी निघाली की मला घ्या. कुठं जायचं तर दाजींना नाहीतर दुकानातल्या गड्याला विचारायचं, याचा तिला कंटाळा आला होता हो!

आणि एक दिवस बातमी आली. रंकाळ्याजवळ एका हॉलसमोर विजेवरची छोटी गाडी दाखवायला आणलीय. गिअर नाही, क्लच नाही, आणि परवडणारी.

दाजी म्हणाले, "सुभाषराव पसंत म्हणले तर घ्यायची. न्हाय म्हणले तर पुन्हा गाडीचं नाव काढायचं न्हाय."

अक्कानं मला बाजूला घेतलं. "सुभ्या, नीट बघ हं. उगं शहाणपणा करू नको."

मी आणि शहाणपणा? सांगा तुम्हीच!

या गाडीचं जुनं मॉडेल मी पूर्वी पुण्यात बघितलं होतं. पत्र्याच्या ट्रंकेला चाकं लावल्यासारखं दिसायचं. हे नवं मॉडेल म्हणजे तीच ट्रंक, पण न्हाऊन-माखून, भांग पाडून आलेली. दिवे मोठे, नाक गोल, रंग पोपटी. खरं सांगू? बघितल्याबरोबर मला तिच्या पोटात काय आहे ते बघायची इतकी घाई झाली की मी पँटची इस्त्री विसरून सरळ खाली वाकलो.

गाडी दाखवायला पुण्याहून एक शांत गृहस्थ आले होते. मी खालूनच विचारलं, "इंजिन कुठाय?"

"इंजिन नाही. मोटर आहे, मागच्या बाजूला."

"आणि सायलेन्सर?"

"नाही."

"रेडिएटर?"

"त्याचीही गरज नाही."

दाजी म्हणाले, "मग हाय तरी काय ओ हिच्यात?"

मी बॉनेट उघडलं. आत जादा चाक आणि पाण्याची बाटली! आता कान टेकायचा कुठं? चाकावर? आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या गाडीसमोर टॅपेट हा शब्द काढू शकलो नाही.

गृहस्थ म्हणाले, "एक चक्कर मारून या ना." गाडीत जागा बेताची, मागची सीट पोरांच्या मापाची. मी चालवायला, दाजी शेजारी, अक्का मागं अंग चोरून. गृहस्थांना जागाच उरली नाही. ते सोबत बसले असते तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडं काही नसतं.

किल्ली फिरवली, हिरवा दिवा लागला. बाकी काही नाही. आवाज नाही, थरथर नाही.

"चालू झाली?" दाजींनी विचारलं.

"झाली की."

"कशावरनं?"

मी पाय दाबला आणि गाडी सुळकन निघाली. दाजींनी डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला. गंगावेशीत तर मजाच. गाडी मागं आलेली कुणाला कळेना. एक आजोबा दचकून बाजूला झाले आणि ओरडले, "आवाज काढ की मर्दा! भुतागत काय येतोस?"

तिथून आम्ही नदीकडच्या उताराला लागलो. आणि काय सांगू, गाडीनं जो वेग घेतला!

"दाजी, बघा! आता तर पाय पण काढला म्या. तरी पळतीया!"

"पाय काढला तरी?"

"हेच तर नवं डिझाईन! जुन्या मॉडेलात न्हवतं हे. एकदा गती दिली की संपलं, आपली आपण जाती."

दाजी पहिल्यांदाच हसले. मागून अक्का म्हणाली, "मग पसंत म्हण की." मी म्हटलं, थांब, चढाला बघू.

घाटाशी गाडी वळवली, थांबवली. मग चढाकडं तोंड करून पाय दाबला.

काही नाही.

जोरात दाबला. तरी नाही. दोन्ही पायांनी दाबून बघितलं. गाडी आपली देवळातल्या नंदीसारखी बसलेली.

कोल्हापुरात गाडी बंद पडली की मालकाला एकटं सोडायची पद्धत नाही. समोरचा चहावाला कपाळावर आठ्या घालून आला. नदीत म्हशी धुणारा एक गडी तसाच ओल्या अंगानं आला.

"काय झालं पावणं? पेट्रोल संपलं?"

"विजेवरची हाय."

"आरं तिच्या! शॉक बसतो काय हात लावल्यावर?" असं म्हणून त्यानं ओला हात मागं घेतला, मग राहवेना म्हणून एक बोट लावून बघितलं. नंतर तोच दाजींना समजावायला लागला, "न्हाय बसत. बिनधास्त टेका."

मी बॉनेट उघडलं. सवय! चाक आणि बाटली.

म्हशीवाला आत डोकावला आणि ओरडला, "इंजिनच गेलंय की ओ! वाटेत पडलं काय?"

मग ढकलायचं ठरलं. दाजी पांढऱ्या शर्टात ढकलतायत, चहावाला ढकलतोय, मी स्टिअरिंगवर बसून "जोर लावा, जोर लावा" करतोय. धक्क्यानं इंजिन धरतं म्हणतात ना! आता इथं धरायला इंजिन कुठलं, हा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. सगळ्यात आधी तो माझ्या डोक्यात यायला हवा होता, ती गोष्ट वेगळी.

म्हशीवाला म्हणाला, "म्हस जुपू काय? माझी तारा चढाला लई दमदार हाय."

दाजींनी माझ्याकडं असं बघितलं की मी पटकन म्हणालो, "चार्जिंग संपलं असणार." मागं वायर होती, ती काढली. चहावाल्यानं फ्रीजचा प्लग काढून आमचा लावू दिला. सगळे गाडीभोवती गोल करून उभे, आता काहीतरी होणार म्हणून. आणि तेवढ्यात त्याच्या दुकानातला पंखा हळूहळू फिरत थांबला.

लोडशेडिंग!

"आता दुपारीच येणार लाईट," चहावाला म्हणाला. "वडा खाणार काय तवर?"

माझं डोकं फिरलं. चारचौघांत माझी इज्जत जाते म्हणजे काय? मी बॉनेट आपटलं आणि माझं मत देऊन टाकलं. "दाजी, भंगार हाय ही. नुसतं तोंड रंगवलंय. आतनं तीच ट्रंक. अजिबात घेऊ नका."

दाजींनी मान हलवली. "मग संपलं."

अक्काचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण तज्ज्ञ माणसानं एकदा मत दिलं की दिलं. वायर काढून मी चहावाल्याचा फ्रीज पुन्हा जोडून देत होतो, तेवढ्यात ती पुढं जाऊन चालवायच्या सीटवर बसली.

"तू कशाला बसलीस आता?"

"घेणार न्हायच तर बसून तरी बघतो की," ती म्हणाली. स्टिअरिंगवरून हात फिरवला. दोन्ही पेडलवर उजवा पाय ठेवून बघितला. मग खाली वाकली. "सुभ्या, किल्ली का रं बंद केलास?"

आणि मी, देवाशपथ सांगतो, काही विचार न करता उत्तर दिलं, "उतार होता म्हणून!"

सगळ्यांनी आधी किल्लीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

अहो, तुम्हीच सांगा, उतार लागला की कोल्हापूरचा कुठला माणूस गाडी बंद करत नाही? आमचे वडील करायचे, मी करतो, माझा हात मला न विचारता करतो. पेट्रोल वाचतं!

"पेट्रोल वाचवलंस व्हय?" दाजी सावकाश म्हणाले. "हिचं?"

म्हशीवाला हसत हसत खाली बसला. चहावाला दुकानात जाऊन हसला, गिऱ्हाईक आहे म्हणून.

अक्कानं किल्ली फिरवली, हिरवा दिवा लागला, आणि ती पोपटी गाडी एकट्या अक्काला घेऊन आवाज न करता चढ चढून गेली. वर जाऊन वळवून परत आली. एवढी हसताना मी तिला तिच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. परत जाताना गाडी तिनंच चालवली. मागं, पोरांच्या सीटवर, गुडघे कानाला लावून कोण बसलं असेल, ओळखा.

हॉलपाशी पुण्याच्या गृहस्थांना दाजींनी सगळं सविस्तर सांगितलं. ते हसले नाहीत, नुसते म्हणाले, "उतारावर चालू ठेवायची हो. ही गाडी उतारावर उलट थोडी चार्ज होते."

म्हणजे अख्ख्या रस्त्यात वीज मिळायची ती एकच जागा, आणि तिथंच मी बचत केली होती.

"मग काय ठरलं तुमचं?" त्यांनी विचारलं.

"घेतली," दाजी म्हणाले. "अहो, अख्ख्या पेठेत गाडीतलं कळतंय म्हणून ह्या पावण्यांचं नाव हाय. त्यास्नी चालू करता आली न्हाय. चोर काय डोंबल नेणार?"

गृहस्थ पहिल्यांदाच हसले, आणि अगदी अदबीनं माझ्याकडं वळून म्हणाले, "हे जाहिरातीत घातलं तर चालेल का?"