जादा गुणांचा सातबारा

बारावीला मला मामेभावापेक्षा जास्त गुण पडले. सीईटीतही मीच पुढं होते. तरी परभणीला शेतीच्या पदवीसाठी नंबर लागला त्याचा. घ्या! आता तुम्ही म्हणाल, पोरगी जळकी आहे. आहेच.

हे दिवटं सेलूत शिकायला होतं. शेतात यायचं ते हुरडा खायला, तेही मोबाईलला रेंज असेल तर. मी मात्र त्याच शेतात, म्हणजे मामाच्याच, आईबरोबर रोजानं कापूस वेचायचे. बोंडाचं टोक बोटाला नेमकं कुठं टोचतं, हे मी झोपेतही सांगेन. पण प्रवेशाच्या अर्जात बोटांसाठी रकाना नव्हता.

अर्ज भरायला आम्ही मायलेकी सेलूच्या नेट कॅफेत गेलो. तिथल्या माणसानं माझे बारावीचे गुण टाकले, सीईटीचे टाकले आणि हात पुढं केला.

"सातबारा द्या. शेतकऱ्याच्या लेकराला जादा गुण मिळतात."

"आमच्याकडं शेरडं हायेत," आई म्हणाली.

"शेरडांचे न्हाई मिळत, मावशी. आईच्या नायतर बापाच्या नावावर जमीन पायजे."

"होती की माझ्या नावावर. वडलांच्या मागं माझंबी नाव लागलं होतं. मी सही करून भावाला देऊन टाकली."

हे तिनं इतक्या कौतुकानं सांगितलं, की तिथल्या तिथं कीबोर्ड फोडावा वाटला. आमच्याकडं बहिणी हक्कसोडाची सही करतात, भाऊ साडी नेसवतात आणि सगळे मिळून त्याला माया म्हणतात. असेलही माया. मला तेव्हा चीड आली आणि अजून येते.

रकाना कोराच गेला. यादी लागली तेव्हा मी थोडक्यात हुकले आणि तो जादा गुणांवर तरून गेला. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. भाकरीवर मात्र राग काढला नाही, चांगल्या तीन-तीन खाल्ल्या.

मग मामानं पेढ्याला बोलावलं. न जाऊन करता काय? मामा लय खुशीत होता. "भाचीलाबी घाला कुठंतरी," म्हणाला. "बीए करंल."

आईनं पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"दादा, पुढच्या साली ही परत अर्ज भरणार हाय. बांधाकडचा एक तुकडा माझ्या नावावर कर."

मामा हसला. मग आई हसत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं.

"आगं, आता कसं जमंल? त्याला लय कागद लागतात. कचेरीत खेटे घालावे लागतात. महिनेच्या महिने जातात, बाई."

आईनं पेढा परत खोक्यात ठेवला.

"मी दिली तवा तर दुपारच्या आत उरकलं होतं," ती म्हणाली.